नऊ कुंड्या, एक बंद खिडकी आणि मुलाचा खोकला

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी नव्या घरात राहायला आलेल्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा सारांश आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. नव्या कपाटांचा आणि पलंगाचा उग्र वास घरात अजूनही जाणवतो आणि रस्त्यावरची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बहुतेक वेळ बंद असतात. घरातली हवा शुद्ध राहावी या हेतूने त्यांनी हळूहळू २६ कुंड्या आणल्या असून त्यांपैकी ९ मुलाच्या झोपण्याच्या खोलीत आहेत. अमेरिकी अवकाश संस्थेच्या संशोधनाने हवा शुद्ध करणारी ठरवलेली झाडेच त्यांनी निवडून घेतली. तरीही गेल्या दोन महिन्यांत मुलाचा पहाटेचा खोकला वाढला आहे आणि त्याच्या खोलीत कपाटामागे कुबट वास येऊ लागला आहे. झाडे रात्री प्राणवायू ओढून घेतात, तेव्हा ती खोलीतून काढावीत, असे सासूबाई म्हणतात. झाडे देऊन टाकून एअर प्युरिफायर घ्यावा, असे पतीचे मत आहे. ‘माझी झाडे कमी पडत आहेत का? आणखी कोणती आणू? की घरच्यांचे ऐकून सगळी देऊन टाकू?’ असे त्या विचारतात. घरात दीड वर्षांची धाकटी मुलगीही आहे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय घरातल्या कोणाचेही म्हणणे नीट तपासता येणार नाही. एक प्रश्न तुमच्या मुलाच्या श्वासाचा आहे आणि दुसरा तुमच्या झाडांचा. झाडांच्या संख्येवर मुलाच्या खोलीतली हवा अवलंबून आहे असे तुम्ही मनाशी धरले आहे, आणि त्यामुळे झाडे काढावीत असे कोणी म्हटले की ती व्यक्ती मुलाच्या आरोग्याविरुद्ध बोलत आहे असे तुम्हाला वाटते. या गृहीतकापासूनच मी सुरुवात करते, कारण ते तुमच्या एकटीचे नाही. झाडे विकणाऱ्यांनी, मासिकांनी आणि आम्हा सल्ला देणाऱ्यांनीही ते वर्षानुवर्षे पसरवले आहे.

तुम्ही ज्या संशोधनाचा आधार घेतला ते खरे आहे. बंदिस्त अवकाशयानात माणसांना दीर्घकाळ राहायचे असेल तर आतली हवा कशी स्वच्छ ठेवायची, हा नासापुढचा प्रश्न होता. त्यासाठी बिल वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले आणि १९८९ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इमारतींच्या आत झाडे लावण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या एका अमेरिकी संघटनेचाही त्या कामात सहभाग होता. प्रयोगाची पद्धत अशी होती : हवाबंद पारदर्शक पेटीत एक झाड ठेवायचे, तिच्यात बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड किंवा ट्रायक्लोरोइथिलीन यांपैकी एक रसायन सोडायचे आणि २४ तासांत त्याचे प्रमाण किती घटते ते मोजायचे. प्रमाण घटले, आणि त्या नोंदींतूनच पीस लिली, स्नेक प्लांट, ड्रॅसीना, बांबू पाम अशी नावे जगभरच्या याद्यांमध्ये गेली.

परंतु त्या पेटीचे आकारमान एका घनमीटरपेक्षाही कमी होते, तिच्यात बाहेरची हवा शिरत नव्हती आणि रसायन एकदा सोडले की त्यात नवी भर पडत नव्हती. तुमच्या मुलाच्या खोलीत यांतली एकही गोष्ट लागू पडत नाही. खोली पेटीच्या कित्येक पट मोठी आहे, दाराच्या फटीतून हवा सतत ये-जा करते आणि कपाटाचे लाकूड रोज थोडे थोडे रसायन हवेत सोडत राहते. त्याच अहवालातला आणखी एक भाग याद्या करणाऱ्यांनी गाळून टाकला, याचे मला मनापासून वाईट वाटते. संशोधकांना असे दिसले होते की रसायने नाहीशी करण्याचे बरेचसे काम पानांपेक्षा मुळांभोवतालची माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव करतात. म्हणूनच त्यांनी पंख्याच्या साहाय्याने हवा मुळांमधून आणि सक्रिय कोळशाच्या, म्हणजे वायू शोषून धरण्यासाठी खास तयार केलेल्या कोळशाच्या, थरातून ओढून घेणाऱ्या रचनेचा विचार मांडला होता. कोपऱ्यात शांतपणे उभी असलेली कुंडी हे काम एकटी करील, असा त्याचा अर्थ नव्हता.

मग कुंडी नेमके किती काम करते? २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी आधीच्या १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग एकत्र केले आणि सगळ्यांचे निष्कर्ष एकाच मापात आणले. एक झाड तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ केल्याइतके काम करते, हे ते माप होय. सगळे निष्कर्ष क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा ०.०२३ घनमीटर होता, म्हणजे तासाला सुमारे २३ लिटर. हा आकडा तुमच्या मुलाच्या खोलीला लावून पाहू. खोली १२ चौरस मीटरची आणि अडीच मीटर उंचीची आहे असे धरले तर तिच्यात ३० घनमीटर हवा मावते. नऊ कुंड्या मिळून तासाला ०.२ घनमीटरच्या आसपास हवा स्वच्छ करतील. खिडक्या लावलेल्या असतानाही फटींतून तासाला खोलीतली निम्मी हवा जरी बदलत असेल, तरी ती १५ घनमीटर होते, म्हणजे तुमच्या नऊ झाडांच्या कामाच्या सुमारे सत्तर पट. केवळ त्या फटींची बरोबरी करायला साडेसहाशे कुंड्या लागतील. म्हणून ‘आणखी कोणती झाडे आणू?’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की हवेसाठी एकही आणू नका.

हे वाचून तुम्हाला फसवले गेल्यासारखे वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे, तरी ते स्वतःवर घेऊ नका. आजारी मुलासाठी आपल्या हाताने करता येण्यासारखे काही तरी तुम्ही शोधत होता आणि जे विश्वासार्ह वाटले ते केले.

आता सासूबाईंचे म्हणणे पाहू. अंधारात झाडे श्वसन करतात, प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे त्यांचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. त्यातून निघणारी भीती मात्र टिकत नाही, कारण हे प्रमाण अतिशय अल्प असते. एक प्रौढ माणूस दिवसभरात साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडतो, आणि त्या तुलनेत काही कुंड्यांचे रात्रीचे श्वसन खिजगणतीतही येत नाही. आजी नातवाच्या शेजारी झोपल्या तर त्या एकट्याच खोलीतल्या सगळ्या झाडांपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू घेतील, आणि त्यामुळे नातवाला काहीही अपाय होणार नाही.

उलट बाजूचा दावाही तपासला पाहिजे, कारण तुम्ही स्नेक प्लांट पलंगाजवळ ठेवला आहे तो रात्री प्राणवायू देतो या समजुतीने. स्नेक प्लांट, कोरफड आणि काही ऑर्किड यांची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि ती झाडे त्या वेळी कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, हे खरे आहे. कोरड्या प्रदेशात दिवसा रंध्रे उघडली तर पाणी उडून जाते, म्हणून ही सोय आहे. प्राणवायू मात्र पाण्याच्या रेणूचे विघटन झाल्यावरच सुटतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो. रात्री प्राणवायू देणारे झाड अस्तित्वातच नाही. दिवसाचा हिशेबही फारसा वेगळा नाही. प्रकाशसंश्लेषणात २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपासून १८० ग्रॅम ग्लुकोज तयार होते. एका माणसाने दिवसात सोडलेला १ किलो वायू झाडांनी शोषायचा असेल, तर त्यांना रोज जवळजवळ ७०० ग्रॅम साखर बनवावी लागेल आणि ती पानाखोडांत साठवावी लागेल. तुमची कोणती कुंडी वर्षभरात तरी इतकी वाढली आहे का, हे आठवून पाहा. खोलीतला प्राणवायू झाडांमुळे वाढतही नाही आणि संपतही नाही. या मुद्द्यावर तुमच्यात आणि सासूबाईंमध्ये वाद व्हावा असे काही उरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही पत्रात ओझरत्या उल्लेखलेल्या दोन गोष्टींची : बंद खिडकी आणि कपाटामागचा कुबट वास. मुळे जे पाणी शोषतात त्यातले बहुतेक पानांवाटे बाष्प होऊन हवेत जाते आणि मातीच्या पृष्ठभागावरूनही पाणी सुकत राहते. म्हणजे कुंड्यांना घातलेले जवळजवळ सगळे पाणी शेवटी खोलीच्या हवेत येते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे ३० घनमीटरच्या खोलीची एकूण क्षमता ७०० ग्रॅमच्या आतच आहे, आणि त्यातला मोठा वाटा हवेत आधीच भरलेला असतो. नऊ कुंड्यांना मिळून दिवसाआड एखादा लिटर पाणी घालत असाल आणि खिडकी बंद असेल, तर हा ओलावा जाईल कुठे? तो थंड भिंतीवर, कपाटामागे जिथे हवा फिरत नाही तिथे, आणि गादीत मुरतो. ओल आली की बुरशी येते आणि दमट अंथरुणात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. या दोन्ही गोष्टी दमा चाळवणाऱ्या म्हणून चांगल्याच परिचित आहेत. कुंड्यांमधली सतत ओली राहणारी माती हेही बुरशीचे घर असते. मातीवर पांढरी साय दिसत असेल किंवा बारीक चिलटे उडत असतील, तर पाणी जास्त होत आहे असे समजावे.

नव्या फर्निचरचा वासही याच्याशी जोडलेला आहे. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांतले थर किंवा भुसा बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड प्रकारच्या चिकट राळेने जोडलेला असतो. ही राळ कित्येक महिने, कधी काही वर्षेही, थोडे थोडे फॉर्मल्डिहाइड सोडत राहते, आणि उष्णता व दमटपणा वाढला की ते सुटण्याचे प्रमाणही वाढते. म्हणजे जे रसायन काढण्यासाठी तुम्ही झाडे ठेवली, ते बंद खोलीतल्या दमटपणामुळे अधिक सुटत असण्याची शक्यता आहे. तुमच्या मुलाचा खोकला याच कारणाने वाढला असे मी येथे बसून म्हणणार नाही, कारण ते ठरवण्याचा अधिकार त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे. दोन महिन्यांत खोकला वाढला असेल तर त्यांना लवकर भेटा, खोलीतल्या ओलीबद्दल आणि कुंड्यांबद्दलही सांगा, आणि इनहेलरच्या औषधात स्वतःहून कोणताही बदल करू नका. मात्र डॉक्टरांच्या भेटीची वाट न पाहता कुंड्या आजच त्या खोलीतून हलवा असे मी आग्रहाने सुचवेन. सासूबाईंची सूचना त्यामुळे आपोआप पाळली जाईल, कारण मात्र वेगळे असेल.

खिडकीचा प्रश्न कठीण आहे, कारण तुमची धुळीची तक्रार खरी आहे. बाहेरची हवा नेहमीच चांगली असते असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे आणि रस्त्यालगतच्या घरांना ती गाठणे अवघड आहे. तरीही दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. वाहनांची वर्दळ कमी असते आणि बाहेर धूर नसतो, असे दोन-तीन वेळ तुम्हाला आठवडाभराच्या निरीक्षणातून सापडतील. त्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार एकदम उघडून पंधरा-वीस मिनिटे हवा आरपार खेळू द्या. वास, बाष्प आणि माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवण्याचा याहून साधा उपाय मला ठाऊक नाही. रस्त्याकडची खिडकी सोडून मागच्या बाजूची वापरता आली तर अधिक बरे. नव्या कपाटांची दारे आणि खण याच वेळी उघडे ठेवा, म्हणजे आत कोंडलेला वास निघून जाईल, आणि पाट्यांच्या ज्या कडा उघड्या राहिल्या असतील त्या सुताराकडून पट्टी लावून बंद करून घ्या. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून मागची भिंत पाहा. तिथे काळे किंवा हिरवट डाग असतील तर ते पुसण्याआधी ओल कुठून येते हे शोधले पाहिजे, कारण पाण्याची गळती असेल तर रंग देऊन काही साधणार नाही. हे काम सुरू असताना मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. दमटपणा मोजणारे छोटे उपकरण घ्या. काटा ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर ओलावा कमी करायलाच हवा, आणि ५० टक्क्यांपर्यंत आणता आला तर धुळीतल्या किड्यांनाही आळा बसतो. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत.

स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा आणि सुगंधासाठी किंवा डासांसाठी घरात काही जाळत असाल तर ते थांबवा.

पतीने सुचवलेल्या यंत्राबद्दल मी बाजूने आहे, पण एका अटीवर. यंत्राकडून काय होते आणि काय होत नाही, हे दोघांनीही आधी समजून घ्यायला हवे. हेपा प्रकारचा फिल्टर ०.३ मायक्रोमीटर आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. त्यामुळे धूळ, धूर, परागकण आणि बुरशीचे बीजाणू यांवर तो खरोखर परिणामकारक आहे, आणि खिडकी बंद ठेवावी लागते त्या तासांसाठी तुमच्या मुलाला त्याचा उपयोग होऊ शकतो. फॉर्मल्डिहाइडसारख्या वायूंवर मात्र हा फिल्टर काही करत नाही. वायूंसाठी यंत्रात सक्रिय कोळशाचा भरपूर जाड थर असावा लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो. दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड यांवर कोणत्याही प्युरिफायरचा इलाज नाही. म्हणून यंत्र आणले म्हणजे खिडकी कायमची लावून घ्यायला हरकत नाही, असे समजलात तर झाडांच्या बाबतीत झालेली चूकच पुन्हा होईल. घेताना स्वच्छ हवेच्या पुरवठ्याचा आकडा, म्हणजे सीएडीआर, पाहा. ३० घनमीटरच्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल तर तो आकडा तासाला १५० घनमीटर असावा. ओझोन निर्माण करणारे यंत्र दम्याच्या रुग्णाच्या घरात आणूच नये, मग त्याची जाहिरात ताज्या हवेच्या नावाने का होईना.

आता झाडांकडे येते. पतीच्या म्हणण्यातला ‘देऊन टाका’ हा भाग मला मान्य नाही. हवा शुद्ध करत नाहीत म्हणून झाडे निरुपयोगी ठरत असतील, तर तुम्ही रोज सकाळी त्यांच्याजवळ घालवत असलेल्या अर्ध्या तासाबद्दल पत्रात जे लिहिले आहे, त्याला काहीच किंमत नाही असे होईल. नवे पान उलगडताना पाहिले की दिवस हलका होतो, असे तुम्ही लिहिता, आणि पत्रातले ते एकच वाक्य मुलाच्या आजाराशी संबंधित नाही. १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ती खिडकीबाहेरची झाडे होती, कुंडीतली नव्हती, त्यामुळे या अभ्यासावर मी भलता भार टाकणार नाही. माणसाला हिरवाईच्या सहवासात बरे वाटते यासाठी तुमचा स्वतःचा अनुभव पुरेसा आहे, आणि त्यासाठी झाडाने फिल्टरचे काम करण्याची गरज नाही.

सगळ्या २६ कुंड्या ठेवायच्या का, हे मात्र पुन्हा ठरवावे लागेल, आणि तो निर्णय धाकट्या मुलीकडे पाहून घ्यावा. पीस लिली, मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की तोंडात तीव्र आग होते आणि जीभ व ओठ सुजतात. दीड वर्षांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून ही झाडे उंचावर नव्हे, तर मुलीच्या वावरापासून पूर्णपणे दूर हवीत, कारण मनी प्लांटची वेल उंचावरूनही खाली लोंबते. तुमच्या यादीत फायकस बेंजामिना आहे. त्याच्या चिकामुळे काहींना ॲलर्जी होते आणि ते घटक पानांवरच्या धुळीबरोबर हवेत येऊ शकतात. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात मी ते झाड ठेवणार नाही. स्पायडर प्लांट आणि एरिका पाम विषारी मानले जात नाहीत. ती ठेवायला हरकत नाही, मात्र झोपण्याच्या खोलीत नव्हे, तर गॅलरीत किंवा बैठकीच्या खोलीतल्या हवेशीर, उजेडाच्या खिडकीपाशी. बोट दोन पेरे आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्या, बशीत साचलेले पाणी ओतून टाका आणि पाने ओल्या फडक्याने पुसत जा, म्हणजे त्यांच्यावरची धूळ पुन्हा घरात उडणार नाही.

मुलाच्या खोलीतल्या नऊपैकी तीन झाडांची पाने पिवळी पडत आहेत असे तुम्ही लिहिले आहे आणि कोणते खत घालावे असे विचारले आहे. खत घालू नका. बंद खिडकीच्या खोलीत त्यांना उजेड कमी आणि पाणी जास्त मिळत आहे. गॅलरीत नेल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्यांना थेट उन्हात न ठेवता सावलीच्या उजेडात ठेवा, पिवळी पाने खुडून टाका आणि वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. मूळ कुजले नसेल तर ती सावरतील.